तीन तालुक्यांना वर्षाला सात ग्रॅम

श्रीवर्धन, म्हसळा आणि मुरुड हे रायगडच्या दक्षिण किनाऱ्यावरचे तीन तालुके. २०११च्या जनगणनेत तिघांची मिळून लोकसंख्या २ लाख १७ हजारांच्या आसपास होती. नमुना नोंदणी पाहणीच्या २०२०च्या अहवालात महाराष्ट्राचा जन्मदर हजारी १५ आहे. तो इथे लावला तर वर्षाला सुमारे ३,२५० बाळंतपणं. भारतात दर १०० बाळांतली साधारण १३ बाळं ३७ आठवडे पुरे होण्याआधी जन्मतात. त्या हिशेबाने ४२०. वेळेआधी जन्मलेल्यांतली साधारण १५ टक्के ३२ आठवड्यांच्याही आतली असतात, ती ६३. यातल्या निम्म्या बाळांच्या फुप्फुसात सर्फॅक्टंट, म्हणजे फुप्फुस उघडं ठेवणारा पदार्थ, बाहेरून सोडावा लागेल असं धरू. म्हणजे सुमारे ३० बाळं. वजन १.२ किलो, मात्रा किलोमागे २०० मिलिग्रॅम, म्हणजे एका बाळाला २४० मिलिग्रॅम. गुणाकार केला की उत्तर येतं ७.२ ग्रॅम.

हा कागदावरचा हिशेब आहे, मोजलेला आकडा नव्हे. या पट्ट्यातले तरुण मोठ्या संख्येने मुंबईत असतात, त्यामुळे इथला खरा जन्मदर राज्याच्या सरासरीहून कमी असणार. उलट मुंबईला दिलेल्या मुली पहिल्या बाळंतपणाला माहेरी येतात, त्यांची भर पडते. काही बाळांना दुसरी मात्रा लागते. सगळं धरून सात म्हणा, दहा म्हणा, आकडा ग्रॅममध्येच राहतो. हीच पद्धत देशाला लावली (२०२० साली भारतात वेळेआधी जन्मलेली बाळं सुमारे ३० लाख २० हजार, जगात कुठल्याही देशापेक्षा जास्त) तर उत्तर येतं ५४ किलो. आख्ख्या देशाची वर्षाची गरज गव्हाच्या एका पोत्याहून थोडीशी जास्त. जगाची अडीचशे किलोच्या आत.

इतक्या कमी वजनाचा पदार्थ बनवायला आणि पोचवायला एवढं अवघड का जावं, हे समजायचं तर आधी तो काय काम करतो ते आकड्यांत बघायला हवं.

फुप्फुसातले वायुकोश आतून ओले असतात. पाण्याचा पृष्ठताण शरीराच्या तापमानाला मीटरमागे सुमारे ७० मिलिन्यूटन. गोल पोकळीत हा ताण भिंतींना आत ओढतो, आणि पोकळी जितकी लहान तितकी ओढ जास्त. प्रौढ माणसाच्या वायुकोशाची त्रिज्या ढोबळमानाने १०० मायक्रॉन धरा. नुसतं पाणी असतं तर तो उघडा ठेवायला १४ सेंटिमीटर पाण्याइतका दाब लागला असता. कमी दिवसांच्या बाळाची पोकळी त्याच्या निम्मी, ५० मायक्रॉनची; तिथे लागतो २८ सेंटिमीटर. सर्फॅक्टंटचा थर पृष्ठताण २५पर्यंत उतरवतो, आणि श्वास सोडताना तो थर दाबला गेला की ताण शून्याजवळ जातो. ५० मायक्रॉनच्या त्याच पोकळीत ताण ५ असेल तर दाब लागतो २ सेंटिमीटर. २८ आणि २ यातला फरक म्हणजे दर श्वासाला बरगड्या आत खेचल्या जाणं, नाकपुड्या फुलणं आणि श्वास सोडताना येणारं ते कण्हणं. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाची मुलगीही ते कण्हणं एकदा ऐकलं की विसरत नाही. बाळ स्वरयंत्र अर्धं मिटून हवा कोंडून धरतं, म्हणजे पोकळ्या मिटू नयेत. कुणी न शिकवता दाबाचं गणित सोडवण्याची ती त्याची धडपड असते.

हा थर फुप्फुसातल्या दुसऱ्या प्रकारच्या पेशी बनवतात. साधारण २४व्या आठवड्यापासून त्याच्या घड्या पेशींत दिसू लागतात, पुरेसा साठा ३४-३५ आठवड्यांच्या सुमारास होतो. पूर्ण दिवसांच्या बाळाकडे जन्मताना किलोमागे १०० मिलिग्रॅमच्या आसपास साठा असतो. श्वासाचा त्रास होणाऱ्या कमी दिवसांच्या बाळाकडे जेमतेम १० किंवा त्याहूनही कमी. गंमत म्हणजे धडधाकट मोठ्या माणसाला किलोमागे चार-पाच मिलिग्रॅमवर भागतं. जन्माच्या क्षणी पाण्याने भरलेलं फुप्फुस हवेने भरायचं असतं, म्हणून निसर्ग तिथे हात सैल सोडतो.

आपल्याकडे घरोघरी एक समज आहे की सातव्या महिन्यातलं बाळ जगतं, आठव्यातलं हाताला लागत नाही. आकडे नेमकं उलट सांगतात. अमेरिकेतल्या मोठ्या पाहणीत २२ ते २८ आठवड्यांच्या बाळांपैकी ९३ टक्क्यांना श्वासाचा हा विकार झाला. २०१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका पाहणीत ३४ आठवड्यांच्या बाळांत हे प्रमाण १०.५ टक्के होतं आणि ३८ आठवड्यांना ०.३ टक्के. पोटातला प्रत्येक जादा आठवडा बाळाच्या बाजूने असतो. हा समज निरुपद्रवी नाही, कारण ‘सातवा सरलाय, आता आठव्यातच आहे’ म्हणून आशा सोडली जाते आणि ‘सातव्याचंच आहे, जगेल’ म्हणून घाई टळते.

पृष्ठताणाचा हा मुद्दा कुर्ट फॉन नीरगार्ड यांनी १९२९मध्येच मांडला होता. हवेपेक्षा द्रवाने फुप्फुस फुगवायला कमी दाब लागतो, हे त्यांनी दाखवलं. कुणी लक्ष दिलं नाही. पुढची पावलं पडली ती युद्धाच्या कामातून. विषारी वायूंचा फुप्फुसावर होणारा परिणाम अभ्यासताना ब्रिटनमध्ये रिचर्ड पॅटल यांना १९५५मध्ये फुप्फुसातल्या फेसाचे बुडबुडे फुटत नाहीत हे दिसलं. अमेरिकेत जॉन क्लेमंट्स यांनी १९५७मध्ये तो ताण मोजला. १९५९मध्ये मेरी एलेन एव्हरी आणि जेरी मीड यांनी दाखवलं की श्वासाच्या त्रासाने दगावलेल्या बाळांच्या फुप्फुसात हाच पदार्थ नाही. तरी १९६३च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक साडेपाच आठवडे आधी जन्मला आणि ३९ तासांनी गेला, तेव्हा सगळ्यात श्रीमंत देशाच्या सगळ्यात ताकदवान घराकडेही उपचार नव्हता. वजन २ किलो १०० ग्रॅमच्या आसपास. आज त्या वजनाचं बाळ अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात आलं तर डॉक्टर धास्तावतील, हात टेकणार नाहीत.

उपचार आला १९८०मध्ये, जपानमधून. तेत्सुरो फुजिवारा यांनी १० बाळांच्या श्वासनलिकेत गाईच्या फुप्फुसापासून बनवलेलं सर्फॅक्टंट सोडलं आणि सुधारणा काही तासांत दिसली. त्यानंतर दोन वाटा फुटल्या. एक, जनावराच्या फुप्फुसातून काढायचं. दोन, कारखान्यात बनवायचं. अमेरिकेत कारखान्याची वाट आधी बाजारात पोचली आणि आधी हरलीसुद्धा.

ऑगस्ट १९९०मध्ये अमेरिकेत पहिल्यांदा परवाना मिळाला तो क्लेमंट्स यांनीच रचलेल्या एक्सोसर्फ या पूर्ण कृत्रिम सर्फॅक्टंटला. रचना साधी होती. डीपीपीसी नावाचा एक स्निग्ध पदार्थ (खऱ्या सर्फॅक्टंटचा तोच मुख्य घटक), तो पाण्यावर पसरावा म्हणून हेक्झाडेकॅनॉल आणि टायलोक्सापॉल. कोरडी भुकटी, खोलीच्या तापमानाला १५ ते ३० अंशांत ठेवायची, वापरताना निर्जंतुक पाण्यात कालवायची. पुढल्याच वर्षी गाईच्या फुप्फुसापासूनचं सर्व्हान्टा आलं, नंतर डुकराच्या फुप्फुसापासूनचं क्युरोसर्फ, आणि तुलना सुरू झाल्या. सगळ्या चाचण्या एकत्र करून २०१५मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय पुराव्यांचा आढावा घेणाऱ्या संस्थेने काढलेला निष्कर्ष असा: प्रथिनं नसलेल्या कृत्रिम सर्फॅक्टंटवर १०० बाळं दगावत असतील तर जनावरापासूनच्यावर ८९; छातीत हवा फुटण्याच्या १०० घटनांच्या जागी ६५. ब्रिटनमधल्या ॲलेक या दुसऱ्या कृत्रिम सर्फॅक्टंटची गत आणखी वाईट झाली. २०००मध्ये लॅन्सेटमध्ये आलेल्या चाचणीत ॲलेकच्या गटात घरी जाण्याआधी ३१ टक्के बाळं दगावली, डुकराच्या सर्फॅक्टंटच्या गटात १४ टक्के. ॲलेक मागे घेतलं गेलं.

नडलं काय? खऱ्या सर्फॅक्टंटमध्ये वजनाने सुमारे ९० टक्के स्निग्ध पदार्थ आणि १० टक्के प्रथिनं असतात. या प्रथिनांतली दोन, एसपी-बी आणि एसपी-सी, फार थोडी पण कामाची. ती स्निग्ध रेणूंना पटकन पृष्ठभागावर आणून पसरवतात. एसपी-बी ७९ अमिनो आम्लांचं, एसपी-सी ३५चं. लांबी फार नाही, पण दोन्ही पाण्याचा इतका तिटकारा असणारी की कारखान्यात बनवताना गुठळ्या होतात. एसपी-सी तर आपला आकारच सोडून निकामी गोळे करतं. पहिल्या पिढीच्या कृत्रिम सर्फॅक्टंटांनी ही भानगडच टाळली, आणि तिथेच मार खाल्ला.

दुसऱ्या पिढीने नकलेचा मार्ग धरला. २१ अमिनो आम्लांचं एक छोटं पेप्टाइड एसपी-बीच्या जागी घालून सर्फॅक्सिन बनलं. मार्च २०१२मध्ये परवाना, २०१५मध्ये उत्पादन बंद. ते फ्रीजमध्ये जेलीसारखं घट्ट होई. वापरण्याआधी खास तापकात ४४ अंशांवर १५ मिनिटं ठेवून पातळ करावं लागे. रात्री दोन वाजता निळं पडत चाललेलं बाळ समोर असताना ही पंधरा मिनिटं कुणाकडे असतात? नंतर किएझी या इटालियन कंपनीचं सीएचएफ ५६३३ हे एसपी-बी आणि एसपी-सी या दोन्हींच्या नकला असलेलं सर्फॅक्टंट पुढे आलं. त्याची माणसांवरची पहिली चाचणी २०१७मध्ये ४० बाळांवर प्रसिद्ध झाली, पुढची शंभरावर बाळांत डुकराच्या सर्फॅक्टंटशी तुलना करून. निकाल जवळपास सारखे. सारखे म्हणजे सुरुवात झाली इतकंच, कारण मृत्यूतला फरक दिसायला हजारांत बाळं लागतात.

या शर्यतीत मुंबईचीही एक नोंद आहे आणि ती इथे फारशी कुणाला ठाऊक नसते. वैद्यकशास्त्र शिकून अभियांत्रिकीकडे आलेल्या रिंटी बॅनर्जी आणि प्राध्यापक जयेश बेल्लारे यांनी पवईच्या आयआयटीत नव्वदच्या दशकाच्या शेवटी आणि पुढे कृत्रिम सर्फॅक्टंटवर काम केलं. त्यांचा प्रश्न नेमका होता. डीपीपीसी पसरवायला एक्सोसर्फने रासायनिक मदतनीस घातले. त्या जागी लवंग तेल किंवा निलगिरी तेल चालेल का? २००१मध्ये त्यांचे दोन निबंध आले. एकात लवंग तेलाच्या मिश्रणांची तुलना ॲलेक, एक्सोसर्फ आणि सर्व्हान्टा यांच्याशी होती, दुसरा निलगिरी तेलावर. अशा मिश्रणांची परीक्षा घ्यायला एक जुनं उपकरण आहे. छोट्या कुपीत सर्फॅक्टंटचा थेंब, त्यात बारीक नळीने सोडलेला एक बुडबुडा, आणि मिनिटाला २० वेळा त्याला फुगवणारी-आकसवणारी यंत्रणा. बुडबुड्याची त्रिज्या ०.४ ते ०.५५ मिलिमीटरांमध्ये खालीवर होते आणि दर फेरीला दाब मोजला जातो. बाळ न वापरता बाळाच्या श्वासाची नक्कल.

पवईचं हे काम प्रयोगशाळेतलं होतं. लवंगेचं किंवा निलगिरीचं सर्फॅक्टंट बाळांना दिलं जात नाही, आणि वाचून कुणी तान्ह्याच्या नाकाला तेल लावायला जाऊ नये. तान्ह्याच्या फुप्फुसात तेल गेलं तर न्यूमोनिया होतो. त्या कामाचं मोल वेगळ्या ठिकाणी आहे. पसरवणारा घटक स्वस्त आणि हाताशी असणारा हवा, हा विचार इथल्या बाजारभावाला धरून होता. पुढे याच गटाने क्षयाच्या जंतूंच्या आवरणातले स्निग्ध पदार्थ सर्फॅक्टंट कसं बिघडवतात हे तपासलं आणि क्षयाची औषधं सर्फॅक्टंटवर लादून श्वासातून देण्याचा मार्ग चाचपला. अमेरिकेतल्या कंपनीला हा प्रश्न सुचला नसता. मुंबईत तो न सुचणंच अवघड.

जनावराच्या वाटेला आपल्याकडे आणखी एक अडसर आहे, तो उघड बोलला जात नाही. औषध गाईच्या किंवा डुकराच्या फुप्फुसातलं आहे हे ऐकून काही कुटुंबं थबकतात. बहुतेक आईबाप बाळाकडे बघून सही करतात, पण विचारावं लागतं आणि विचारायला वेळ लागतो. महाराष्ट्रात २०१५पासून गोवंशाच्या कत्तलीला बंदी आहे, त्यामुळे इथे वासराच्या फुप्फुसावर उद्योग उभा राहणं शक्यच नाही. भारतीय संशोधकांनी बकऱ्याच्या फुप्फुसाचा पर्याय शोधला. बकरा फारसा कुणाला वर्ज्य नाही, निदान औषधापुरता. दिल्लीच्या एम्सचा सहभाग असलेल्या अनेक केंद्रांवरच्या चाचणीत त्याची सर्व्हान्टाशी तुलना झाली आणि ती २०१९मध्ये प्रसिद्ध झाली. ही सोय चांगली. तरी मूळ गणित आठवा: देशाला ५४ किलो. नवजात बाळांसाठी जनावरं कमी पडताहेत म्हणून कृत्रिम सर्फॅक्टंट हवं, हा युक्तिवाद मला पटत नाही.

मोठ्या माणसांच्या बाबतीत मात्र तो पटतो. ६० किलोच्या रुग्णाला बाळाच्याच दराने मात्रा द्यायची तर १२ ग्रॅम लागतात, म्हणजे ८० मिलिग्रॅमच्या तीव्रतेचं १५० मिलिलिटर औषध. एका प्रौढाची एक मात्रा तिन्ही तालुक्यांच्या बाळांच्या वर्षाच्या गरजेहून जास्त. जंतुसंसर्गाने, भाजल्याने, बुडताना पाणी आत गेल्याने फुप्फुस निकामी होतं, तेव्हाही सर्फॅक्टंट बिघडलेलं असतं. म्हणून प्रयोग झाले. १९९६मध्ये ७२५ रुग्णांच्या चाचणीत निम्म्यांना एक्सोसर्फ फवाऱ्याने दिलं. ३० दिवसांतले मृत्यू दोन्ही गटांत ४१ टक्के. फवाऱ्यातून फुप्फुसात पोचलं ते दिवसाला किलोमागे ५ मिलिग्रॅमच्याही आत असावं, असा अंदाज निघाला. २००४मध्ये ४४८ रुग्णांच्या चाचणीत निम्म्यांना जैवतंत्राने बनवलेल्या एसपी-सीचं सर्फॅक्टंट दिलं. जगण्यात फरक नाही. बाळात पदार्थ नसतो, म्हणून दिला की काम होतं. प्रौढात तो असतो पण रक्तातून झिरपलेली प्रथिनं त्याला निकामी करत राहतात. नवा ओतला तरी त्याचीही तीच गत. कोविडच्या काळात ही आशा पुन्हा जागी झाली होती, पण जुने आकडे माहीत असणाऱ्यांनी तेव्हाही हात राखूनच बोलायला हवं होतं.

आता परत किनाऱ्यावर. महाराष्ट्राचा अर्भक मृत्युदर २०२०मध्ये हजारी १६ आणि त्यातले ११ मृत्यू पहिल्या २८ दिवसांतले. म्हणजे लढाईचा दोन तृतीयांश भाग पहिल्या महिन्यात, आणि कमी दिवसांच्या बाळाचा पहिल्या काही तासांत. सर्फॅक्टंट लवकर, पहिल्या दोन तासांत दिलेलं बरं. उशिरा देण्याच्या तुलनेत नवजात मृत्यू साधारण सोळा टक्क्यांनी कमी होतात. श्रीवर्धनहून अलिबाग माणगावमार्गे सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, घाट-वळणांचा रस्ता. मधे राजपुरीची खाडी आहे, दिघी-आगरदांडा जंगल जेट्टीने (गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीने) अंतर कमी होतं, पण ती रात्री-अपरात्री चालणारी वाट नव्हे. मुरुडहून अलिबाग पन्नासेक किलोमीटर. श्रीवर्धनहून मुंबई पावणेदोनशेच्या वर. अटल सेतू जानेवारी २०२४मध्ये झाला त्याने उरण-पनवेलचा फायदा झाला. श्रीवर्धनच्या वळणांना त्याचा उपयोग नाही. दोन तासांची मुदत १०८ची गाडी येण्यातच अर्धी संपते.

मग औषधच इथे ठेवावं? इथे तीन अडचणी आहेत आणि त्यात किंमत तिसरी. पहिली, थंडी. जनावरापासूनची बहुतेक सर्फॅक्टंटं २ ते ८ अंशांत ठेवावी लागतात. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ दिवेआगरजवळ किनाऱ्यावर चढलं, वाऱ्याचा वेग ताशी १०० किलोमीटरच्या वर. श्रीवर्धन-मुरुड पट्ट्यात अनेक दिवस वीज नव्हती. वादळ नसलं तरी पावसाळ्यात तारांवर झाड पडणं ही इथली दर वर्षाची बाब. ३२ आठवड्यांच्या आतली ६३ बाळं म्हणजे सहा दिवसांत एक, औषध लागणारी त्यातली निम्मी, तीही तीन तालुक्यांत विखुरलेली. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात कुपी ठेवली तर बरीचशी मुदत संपून फेकावी लागतील.

दुसरी अडचण हातांची, आणि ती सगळ्यात मोठी. कुपी फ्रीजमधून काढायची, मुठीत निदान आठ मिनिटं धरून कोमट करायची, हलवायची नाही, फेस होतो. १.२ किलोच्या बाळाच्या स्वरयंत्रातून अडीच-तीन मिलिमीटरची नळी आत घालायची. सर्व्हान्टा असेल तर पावणेपाच मिलिलिटरच्या वर द्रव चार हिश्शांत, दर हिश्शाला बाळाची कूस बदलत. क्युरोसर्फ असेल तर ३ मिलिलिटर. त्या वेळात ऑक्सिजन खाली येतो, ठोके मंदावतात, आणि समोरच्याला थांबायचं कधी, पुढे जायचं कधी हे कळावं लागतं. हे वर्षात दोनदा-तीनदा करणाऱ्याच्या हातात बसत नाही. सरकारी निकषांप्रमाणे एसएनसीयू, म्हणजे लोकांच्या भाषेत ‘पेट्यांचा विभाग’, वर्षाला ३,०००हून जास्त बाळंतपणं होणाऱ्या ठिकाणी, निदान १२ खाटांचा असतो. तिन्ही तालुक्यांची मिळून सगळी बाळंतपणं एका इमारतीत आणली तरच हा निकष जेमतेम पुरा होतो. म्हणून ‘श्रीवर्धनला एनआयसीयू द्या’ ही मागणी ऐकायला रास्त असली तरी आकड्यांत बसत नाही. तिसरी, किंमत. ती हजारांच्या घरात आहे, पण औषध आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे आणि २०११च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात आजारी नवजाताचा सरकारी उपचार मोफत आहे. पैशाचा प्रश्न कागदावर तरी सुटलेला आहे.

म्हणून कृत्रिम सर्फॅक्टंटकडून रायगडने मागायच्या गोष्टी वेगळ्या. मृत्यू जनावराच्या सर्फॅक्टंटइतके कमी करणं ही किमान अट. त्यावर कोरडी भुकटी, ३५ अंशांच्या दमट हवेतही कपाटात टिकणारी, आणि नळी न घालता देता येणारी. कोरड्या भुकटीचा गुण १९९०च्या एक्सोसर्फमध्ये बराचसा होता! तीस वर्षांत आपण परिणामात पुढे गेलो आणि साठवणीत मागे आलो, कारण संशोधनाचा पैसा जिथून येतो तिथे फ्रीज बंद पडत नाहीत. नळी टाळण्याचा आकडा मात्र उत्साह देणारा आहे. अमेरिकेतल्या २२ केंद्रांवर ४५७ बाळांच्या चाचणीत निम्म्यांना वासराचं सर्फॅक्टंट वाफाऱ्यासारखं श्वासातून दिलं, तेव्हा नळी घालून औषध द्यावं लागण्याचं प्रमाण ५० टक्क्यांवरून २६वर आलं. २०२०चा हा निकाल. ही बाळं तुलनेने कमी आजारी होती आणि मोठ्या रुग्णालयांत होती. तरी १०८च्या गाडीत सीपॅप (नाकातून सतत हवेचा दाब देणारं यंत्र) लावून, वाफारा देत अलिबागपर्यंत आणणं हे आता कल्पनेतलं राहिलेलं नाही.

तोवर हाताशी काय आहे? बाळाला स्वतःचं सर्फॅक्टंट लवकर बनवायला लावणारं स्टिरॉइडचं इंजेक्शन, आईला द्यायचं. न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हाउई यांनी ते १९७२मध्ये दाखवलं. भारतात २०१४पासून २४ ते ३४ आठवड्यांत वेळेआधी कळा आल्या तर आरोग्यसेविकेलाही (एएनएम) डेक्सामेथासोनची सुई देता येते, ६ मिलिग्रॅम, १२ तासांच्या अंतराने चार वेळा. फ्रीज नको, नळी नको, किंमत नगण्य. इतकं सोपं असतं तर हा लेख इथेच संपला असता.

दोन मोठ्या चाचण्या, दोन्हींत आपल्या भागातली केंद्रं, आणि निकाल एकमेकांविरुद्ध. २०१५च्या पहिल्या चाचणीत सहा देशांतली खेडी होती, त्यात बेळगाव आणि नागपूरची. सुई गावपातळीवर पसरवली. सगळ्यात लहान बाळांतले मृत्यू हजारी २३२वरून २२५, म्हणजे फरक नाही. पण एकूण नवजात मृत्यू २३.९वरून २७.४वर गेले. वाढले! २०२०च्या दुसऱ्या चाचणीत बेळगावसह पाच देशांतल्या रुग्णालयांत २,८५२ गर्भवती होत्या. तिथे नवजात मृत्यू २३.५ टक्क्यांवरून १९.६वर आले, २५ जणींना सुई दिली की एक बाळ जास्त वाचलं. औषध तेच. फरक इतकाच की दुसऱ्या चाचणीत सोनोग्राफीने गर्भाचे आठवडे नक्की होते आणि बाळ सांभाळायला विभाग होता. खेड्यांतल्या चाचणीत सुई मिळालेल्या बहुतेकींची बाळं पूर्ण दिवसांची निघाली. त्यांना फायदा शून्य, धोका मात्र पदरात.

३४ आठवडे की ३८, हे कळा सुरू झाल्यावर पोटावर हात ठेवून ठरत नाही. शेवटच्या पाळीची तारीख विटांच्या भट्टीवर सहा महिने काढून आलेल्या कातकरी बाईला आठवेलच असं नाही, आणि तिला तारीख विचारून कार्डावर अंदाज लिहिणाऱ्या सिस्टरचाही त्यात दोष नाही. पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीने आठवडे पाच-सात दिवसांच्या फरकाने कळतात, शेवटच्या तीन महिन्यांत तो फरक तीन आठवड्यांवर जातो. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते, पण तिचा रोख चौथ्या महिन्यानंतरच्या गर्भवतींवर आहे. श्रीवर्धन-म्हसळ्यासाठी हवं ते त्याच्या आधी: तिसरा महिना सरण्यापूर्वी एक सोनोग्राफी, तिच्यातली तारीख आशाताईच्या वहीत ठळक, आणि ३४ आठवड्यांच्या आत कळा आल्या तर पहिली सुई देऊन आईलाच, बाळ पोटात असताना, अलिबागच्या रस्त्याला लावणं.